बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता

यावलच्या एस.टी. स्टँडवर मी लहानपणी तासन्‌तास उभा राहिलेलो आहे. कधी मामाची वाट बघत, कधी आत्याची, आणि बहुतेक वेळा भुसावळकडून न येणाऱ्या गाडीची. करायला काही नसायचं म्हणून पाट्या वाचायच्या. समोरचा रस्ता एकच. पूर्वेला तोंड केलं की फैजपूर, सावदा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. पश्चिमेला तोंड केलं की चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि सातपुडा ओलांडून गुजरात. लोक त्याला अजूनही बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता म्हणतात, सरकारनं कुठलाही नंबर देवो. उजवीकडं बऱ्हाणपूर म्हणजे आमच्या लेखी लग्नाचा बस्ता आणि माव्याची जिलबी. डावीकडं अक्कलकुवा म्हणजे काहीच नाही. पाटीवरचं नुसतं एक लांबचं नाव.

या रस्त्याच्या दोन टोकांना दोन विद्यापीठं आहेत, असं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी हसलो असतो. खरं तर पुष्कळ नंतर, चांगला चाळिशी ओलांडल्यावर, एकाबद्दल मला सांगितलं गेलं तेव्हा मी हसलोच. त्याचीच ही गोष्ट.

माझा एक वर्गमित्र आहे. सुतारकाम करतो, म्हणून सगळं गाव त्याला मिस्तरी म्हणतं, मीही तेच म्हणतो. आमच्या घराच्या दारांच्या चौकटी त्याच्या वडिलांनी केलेल्या, कपाटं त्यानं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी दिवाळीला पुण्याहून घरी आलो होतो, तेव्हा त्यानं सांगितलं की मोठ्या मुलाला अक्कलकुव्याला धाडतोय, जामियात. मुलगा दहा वर्षांचा. मी बँकेत साहेब होतो, पुण्यात फ्लॅट होता, त्यामुळं दुसऱ्यांच्या मुलांविषयी मत द्यायचा अधिकार आपल्याला आहे असं वाटण्याचं ते वय. मी त्याला अर्धा तास सुनावलं. पोराचं आयुष्य वाया घालवशील, पाठांतर करून पोट भरत नाही, जग कुठं चाललंय, वगैरे. तो रंधा मारत होता, थांबला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "तुह्या पोराले पुन्याले धाडलं तवा मी तुले इचारलं व्हतं का?"

त्यानंतर काही वर्षं आमचं बोलणं 'काय, बरं का' एवढ्यावर आलं. गावातल्या लोकांना आणि घरच्या मंडळींना हे ठाऊक आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

मे २०२५मध्ये त्याचा फोन आला. अक्कलकुव्याचे मौलाना गेले, म्हणाला. मौलाना म्हणजे गुलाम मोहम्मद वस्तानवी. फोन ठेवला आणि मला वाटलं, ज्या गोष्टीवरून आपण एका मित्राला दुखावलं तिची आपण कधी नीट चौकशीही केली नाही. तर ती केली. जे सापडलं ते लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वस्तानवी मूळचे सुरत जिल्ह्यातल्या वस्तान गावचे, जन्म १९५०चा. शिक्षण गुजरातमधल्या मदरशांत आणि मग उत्तर प्रदेशात सहारनपूरच्या मजाहिर उलूममध्ये. पुढं ते भरूचजवळच्या कंथारियाच्या दारुल उलूममध्ये शिकवत होते. भरूच, अंकलेश्वर, आणि तिथून आमचाच रस्ता धरून पूर्वेला आलं की महाराष्ट्राच्या हद्दीत पहिलं मोठं गाव अक्कलकुवा. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी तालुका. आजही तिकडं बदली झाली की सरकारी नोकर रजा टाकतात. अशा ठिकाणी १९७९-८०च्या सुमारास या माणसानं सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक एवढ्या भांडवलावर मदरसा काढला. नाव 'जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम'. इशाअत म्हणजे प्रसार, उलूम म्हणजे विद्या.

सहा विद्यार्थी वाचून मला देवबंद आठवलं. तिथलं दारुल उलूम १८६६मध्ये एका मशिदीच्या अंगणात, डाळिंबाच्या झाडाखाली सुरू झालं, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, दोघांचंही नाव महमूद, असं सांगतात. मदरशांच्या गोष्टी अशाच सुरू होतात. पण अक्कलकुव्याची गोष्ट पुढं निराळ्या वाटेनं गेली. कुराणाचं पाठांतर आणि हदीस हा गाभा राहिलाच, पण त्याच आवाराच्या भोवती शाळा आली, आयटीआय आलं, डी.एड., बी.एड. आलं, युनानी वैद्यकाचं महाविद्यालय आलं, इंजिनीअरिंग आलं, औषधनिर्माणशास्त्राचं अली-अल्लाना महाविद्यालय आलं. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ तर याच संस्थेनं एम.बी.बी.एस.चं महाविद्यालय आणि इस्पितळ उभं केलं. वसतिगृहात हजारो मुलं. बिहारपासून आसामपर्यंतची.

आता यातली गंमत बघा. 'जामिया' या शब्दाचा अरबीत अर्थ विद्यापीठ. जमा करणं, एकत्र आणणं या धातूपासून आलेला. आपला जमाव, जमात, जमाखर्च, आणि जामा मशिदीतला जामा, सगळे एकाच घरातले. पण आपल्या १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणं संसदेनं किंवा विधिमंडळानं कायदा करून स्थापन केल्याशिवाय कुणाला नावात 'युनिव्हर्सिटी' लावता येत नाही. म्हणजे अक्कलकुव्याची जामिया अरबीत विद्यापीठ आहे आणि इंग्रजीत नाही. तिथल्या बी.फार्म.च्या मुलाला पदवी मिळते ती जळगावच्या विद्यापीठाची, जे १९९०मध्ये स्थापन झालं आणि ज्याला २०१८मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. सातपुड्याखालच्या जामियातून शिकून निघालेल्या हाफिजाच्या पदवीच्या कागदावर बहिणाबाईंचं नाव. मला हे फार आवडलं. बहिणाबाईंनाही आवडलं असतं.

हे सगळं वाचताना मला एक जुनी भेट आठवली. २०१४ साली मी क्वालालंपूरला भाचीकडं गेलो होतो. शहराच्या कडेला गोंबाक म्हणून भाग आहे, हिरव्या डोंगरांच्या कुशीत, तिथं मलेशियाचं 'आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ' आहे. भाचीनं गाडीतून चक्कर मारून दाखवलं. आफ्रिकेतली, अरब देशांतली, मध्य आशियातली मुलंमुली पुस्तकं घेऊन फिरत होती. मुलींची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती. (मुली हा माझा मिस्तरीला विचारलेला पहिला प्रश्न होता. त्याची मुलगी जळगावला शिकली, हेही सांगून टाकतो.)

ते विद्यापीठ १९८३चं. त्याच्यामागं एक परिषद आहे: १९७७मध्ये मक्केला भरलेली मुस्लिम शिक्षणाची पहिली जागतिक परिषद. तिथं जमलेल्या विद्वानांची तक्रार थोडक्यात अशी होती की वसाहतींच्या काळात मुसलमानांच्या शिक्षणाची दोन शकलं झाली. एका बाजूला मदरसा, ज्याला रसायनशास्त्र ठाऊक नाही. दुसऱ्या बाजूला साहेबाच्या धर्तीचं कॉलेज, ज्याला आपल्याच परंपरेतला ग्रंथ उघडता येत नाही. ही दोन शकलं सांधायची तर नवी विद्यापीठं हवीत, आणि ती एका देशाची नकोत, सगळ्या देशांतल्या मुलांची हवीत. मदिनेचं इस्लामी विद्यापीठ १९६१पासून होतंच, पण ते मुख्यतः धर्मशास्त्राचं. नंतर १९८०मध्ये इस्लामाबादचं निघालं आणि १९८३मध्ये मलेशियाचं, जिथं कायदा, अर्थशास्त्र, वैद्यक, इंजिनीअरिंग हे सगळं इंग्रजीतून आणि जोडीला अरबी. तारखा पाहा: १९७७, १९८०, १९८३. अक्कलकुवा नेमकं याच्या मधोमध. वस्तानवींच्या डोळ्यांपुढं मक्केची परिषद होती असं मी म्हणत नाही. पण हवेत काहीतरी होतं. तोच प्रश्न गोंबाकला सरकारच्या पैशानं सोडवला जात होता आणि सातपुड्याखाली देणग्यांच्या पावत्या फाडून.

तर गोंबाकहून परतल्यावर संध्याकाळी भाचीच्या शेजारचे एक मलय प्राध्यापक चहाला आले. वयस्कर, अतिशय अदबशीर गृहस्थ. कुठून आलात? मी म्हटलं महाराष्ट्र. ठीक. खानदेश. काही बोध नाही. मग मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं, बऱ्हाणपूरजवळ, आमच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटर. कप खाली ठेवून ते म्हणाले, "अल-बुरहानपुरी? त्यांच्या गावचे?"

मला कोण बुरहानपुरी ते माहीत नव्हतं. मान मात्र हलवली. माणूस परदेशात आपल्या गावच्या कुणाही थोर माणसाला ओळखतो.

घरी येऊन शोधलं. मोहम्मद इब्न फजलुल्लाह बुरहानपुरी, मृत्यू १६२०. त्यांनी १५९०च्या सुमारास एक छोटीशी अरबी पुस्तिका लिहिली, 'अत-तुहफा अल-मुरसला', म्हणजे प्रेषितांच्या चरणी पाठवलेली भेट. विषय असा की अस्तित्व एकच आहे, ते अज्ञाताकडून सात पायऱ्या उतरत उतरत माणसापर्यंत येतं. ज्यानं 'अमृतानुभव' चाळलाय त्याला हे अगदी परकं वाटायचं नाही, फक्त बुरहानपुरींचा जोर याच्यावर आहे की पायऱ्या विसरू नका, आणि एकत्व कळलं म्हणून नमाज-रोजे सुटत नाहीत. ही पुस्तिका तापीकाठाहून निघाली, मक्का-मदिनेला गेली, आणि तिथं शिकायला आलेल्या सुमात्रा-जावाच्या मुलांच्या बोचक्यातून पूर्वेला पोचली. त्या सात पायऱ्या तिकडं इतक्या रुजल्या की जावानीज भाषेत तिचं पद्य रूपांतर झालं. १९६५ साली ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला, ए. एच. जॉन्स यांनी ते इंग्रजीसह छापलं. आमच्या जिलबीच्या गावचं पुस्तक! आणि यावलच्या शाळेत आम्हाला बऱ्हाणपूरचं काय शिकवलं, तर मुमताजमहल तिथं वारली.

मग मी बऱ्हाणपूरच्या मागंच लागलो.

फारुकी सुलतानांचं खानदेश म्हणजे १३८२ ते १६०१. पहिला मलिक राजा, राजधानी थाळनेर, आपल्या शिरपूर तालुक्यातलं. त्याच्या मुलानं, नासिर खानानं, असीरगड घेतला आणि तापीकाठी नवं शहर वसवलं. नाव दिलं ते खुलताबादच्या सूफी संताचं, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. पलीकडच्या तीरावरच्या वस्तीला नाव दिलं त्यांच्या शिष्याचं, जैनुद्दीन शिराजींचं, म्हणून जैनाबाद. म्हणजे नदीच्या एका काठाला गुरू, दुसऱ्या काठाला शिष्य. गुरुपौर्णिमेला व्यासांच्या देवळात गर्दी करणाऱ्या यावलकरांना हे सहज कळावं.

हे राज्य लहान होतं. गुजरात, माळवा, अहमदनगर अशा दांडग्या शेजाऱ्यांच्या मधे चेंगरलेलं. पण विद्येच्या बाबतीत त्याचा फायदा झाला तो शेजाऱ्यांच्या पडझडीचा. सिंधमध्ये १५२०च्या दशकात अर्घूनांनी राज्य घेतलं, घडी विस्कटली. १५३५मध्ये हुमायून गुजरातेत घुसला. तिकडले विणकर आणि विद्वान, दोघंही वाट धरून बऱ्हाणपूरला आले. बऱ्हाणपुरात सिंधीपुरा नावाचा मोहल्ला आजही आहे. आम्ही बस्ता बांधायला जायचो ते कापड ज्या विणकरांच्या परंपरेतलं, त्यांच्या शेजारच्याच घरांतून हदीस आणि तसव्वुफ शिकवला जात होता. ईसा जुंदुल्लाह हे त्या सिंधी कुळातले मोठे गुरू, मृत्यू १६२२.

इमारत नाही, कुलसचिव नाही, परीक्षा नाही. एक गुरू, त्याचं खानकाह, राजाकडून मिळालेली थोडी जमीन आणि विद्यार्थी. विद्यार्थ्यानं ग्रंथ गुरूपुढं बसून वाचायचा, वाचून झाला की गुरू सनद देणार: मी अमक्याकडून शिकलो, त्यानं तमक्याकडून, आता हा माझ्याकडून, याला पुढं शिकवण्याची मुभा आहे. ही सनद बऱ्हाणपूरची असली तरी मक्केत चालायची, आणि मक्केची सुमात्रात. आंतरराष्ट्रीय विद्यापीठ म्हणजे आणखी काय असतं हो? आपली पदवी दुसऱ्या देशात मानली जात नाही म्हणून आजची मुलं किती रांगा लावतात ते मी जवळून पाहिलंय.

त्यातले सगळ्यात मोठे अली मुत्तकी. जन्म बऱ्हाणपूरचा, १४८०च्या आसपास. लहानपणी वडिलांनी त्यांना तिथल्याच शाह बाजन या सूफी कवीच्या पायावर घातलं. मग मुलतान, गुजरात, आणि गुजरातेत धामधूम उडाल्यावर मक्का. तिथंच १५६७मध्ये वारले. त्यांचं काम 'कन्झुल उम्माल'. इजिप्तच्या सुयूतीनं हदीसांचा एक अवाढव्य संग्रह करून ठेवला होता, पण त्यात हवी ती गोष्ट सापडणं मुश्कील. वचन कुठल्या शब्दानं सुरू होतं ते ठाऊक असेल तर ठीक, नाहीतर बसा. मुत्तकींनी सुमारे ४६ हजार हदीसं विषयवार लावली. व्यापाराबद्दलची एका जागी, लग्नाबद्दलची एका जागी, वैद्यकाची एका जागी. मी हे मिस्तरीला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे लाकूड दुसऱ्याचं, खन यानं पाडले." यापेक्षा चांगलं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. हा ग्रंथ पुढं हैदराबादच्या दायरतुल मआरिफनं छापला आणि तो जगभर वापरला जातो.

मुत्तकींचे शिष्य अब्दुल वहाब, मांडूला जन्मलेले, बऱ्हाणपूरला वाढलेले, तेही मक्केत शिकवत. त्यांच्यापुढं दिल्लीचे अब्दुल हक येऊन बसले आणि परत जाऊन त्यांनी उत्तर हिंदुस्थानात हदीसचा अभ्यास रुजवला. म्हणजे दिल्लीच्या माणसाला बऱ्हाणपूरचं शिकायला मक्केला जावं लागलं! आणि पुढं औरंगजेबानं कायद्याचा मोठा ग्रंथ, 'फतावा-ए-आलमगिरी', तयार करवला तेव्हा त्या विद्वानांच्या मंडळाचे प्रमुख होते शेख निजाम, बऱ्हाणपूरचेच.

यावलचा यात काही संबंध? थोडासा आहे, आणि तो मला लपवायचा नाही. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला, त्याच्या मुक्कामांत थाळनेर आणि चोपडा आहेत. म्हणजे हाजी, विद्यार्थी, व्यापारी सगळे तापीच्या याच खोऱ्यातून जात. आणि ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये यावलबद्दल चार-सहा ओळी आहेत, त्यात लिहिलंय की हे गाव एके काळी जाडाभरडा देशी कागद आणि नीळ यांसाठी प्रसिद्ध होतं. मी जन्मानं यावलकर, आणि गावात कागद होत असे हे मला पन्नाशीनंतर एका इंग्रजाच्या ओळीतून कळलं. बऱ्हाणपूरला पुस्तकं लिहिणारे, आणि एक-दोन मुक्काम अलीकडं कागद करणारं गाव. पुढचं तुम्ही तुमच्या मनानं जुळवा, मी जुळवून बसलोय.

पण आता जी गोष्ट सांगणार आहे ती कळल्यावर माझा हा सगळा अभिमान जरा जमिनीवर आला.

तापी समुद्राला मिळण्याआधी सुरतेला वळसा घालते, आणि सुरतेच्या समोरच्या काठावर रांदेर आहे. तिथले नूरुद्दीन रानिरी हे विद्वान १६३७मध्ये सुमात्रातल्या आचेला गेले आणि तिथल्या सुलतानाचे मुख्य सल्लागार झाले. आचेत तेव्हा एकाच अस्तित्वाची शिकवण घट्ट रुजलेली होती. शम्सुद्दीन नावाच्या, तोवर वारलेल्या, गुरूची परंपरा, जिच्यात आपल्या बुरहानपुरींच्या सात पायऱ्या मुरलेल्या होत्या. रानिरींनी ठरवलं की ही मंडळी पायऱ्या विसरली आहेत, निर्माता आणि निर्मिती यांतला भेद पुसतात, म्हणून धर्माबाहेर आहेत. मोठ्या मशिदीपुढं त्यांची पुस्तकं जाळली गेली. जे मत सोडायला तयार झाले नाहीत त्यांना ठार मारलं गेलं. सात वर्षांनी वारं फिरलं, नवा सुलतानी आश्रय दुसऱ्याला मिळाला आणि रानिरी १६४४मध्ये रांदेरला परत आले.

एकाच नदीच्या वरच्या अंगाला कल्पना निघाली आणि खालच्या अंगाचा माणूस जाऊन, तिच्या नावानं चालणाऱ्यांना जाळून आला. दोघंही आपल्याच खोऱ्यातले, दोघंही अस्सल विद्वान, दोघांच्याही हातात सनदा.

यानंतर जे झालं तेही सांगायला हवं. आचेचेच अब्दुररऊफ तेव्हा मदिनेत शिकत होते, एकोणीस वर्षं अरबस्तानात राहिले. आचेच्या लोकांनी मदिनेच्या इब्राहिम कुरानी या गुरूंना विचारलं, या पुस्तिकेचा खरा अर्थ काय? कुरानींनी बुरहानपुरींच्या त्या चिमुकल्या पुस्तिकेवर लांबलचक भाष्य लिहिलं, पुस्तिका शाबूत ठेवून. अब्दुररऊफ १६६१मध्ये परतले ते हाच स्वर घेऊन: दुसऱ्याला सहजासहजी काफर ठरवू नका. पुस्तक एका मशिदीपुढं जाळलं जातं आणि दुसऱ्या मशिदीच्या खांबाला टेकून त्यावर भाष्य लिहिलं जातं. धर्मतत्त्वांवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या पोटात या दोन्ही गोष्टी असतात. तशा त्या आपल्या काशी-पैठणच्या पंडितसभांच्या पोटातही होत्याच. ज्ञानदेवांच्या घराला शुद्धिपत्र मागणारे काही अडाणी नव्हते.

आणि योगायोग बघा. १९७७च्या मक्का परिषदेत नवं इस्लामी विद्यापीठ कसं असावं याचा विचार मांडणाऱ्यांत एक ठळक नाव होतं सय्यद नकीब अल-अत्तास. मलेशियाच्या त्या गोंबाकच्या विद्यापीठाच्या कल्पनेमागंही त्यांचा विचार. या अत्तासांचं १९६६मधलं पुस्तक कशावर, तर रानिरी आणि आचेच्या याच वादावर! म्हणजे क्वालालंपूरच्या विद्यापीठाची मुळं खणत गेलं तर ती तापीच्या गाळात लागतात. ते शेजारचे प्राध्यापक कप खाली ठेवून का बघत होते ते मला दहा वर्षांनी समजलं.

अक्कलकुव्याच्या मौलानांनाही हा प्रश्न चुकला नाही. जानेवारी २०११मध्ये वस्तानवी देवबंदचे मोहतमीम निवडले गेले, आपल्या भाषेत कुलगुरूच म्हणा. डॉक्टर-इंजिनीअर घडवणारा मदरसेवाला देवबंदच्या गादीवर, म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुकही केलं. काही दिवसांतच त्यांनी एका इंग्रजी वर्तमानपत्राशी बोलताना गुजरातच्या मुसलमानांनी २००२ मागं टाकून पुढं बघावं, प्रगतीची संधी सगळ्यांना आहे, अशा अर्थाचं काही म्हटलं. देवबंदमध्ये गदारोळ झाला, विद्यार्थी आंदोलनाला बसले, आणि जुलैमध्ये तिथल्या शूरेनं त्यांना पदावरून दूर केलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, यावर माझं मत आहे, पण ते इथं महत्त्वाचं नाही. मला लक्षात राहिलं ते हे की ते अक्कलकुव्याला परत आले आणि कामाला लागले. आपल्याकडं कुलगुरूपद गेलं की माणसं आत्मचरित्र लिहितात.

माझ्या शंका संपल्या का? नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्याचा विषय निवडता येत नाही, हे मला आजही खटकतं. अर्थात माझ्या मुलालाही मी विचारलं नव्हतं, हे मिस्तरीनं तेव्हाच दाखवून दिलं होतं. त्याचा मोठा मुलगा आधी हाफिज झाला, मग तिथल्याच शाळेतून बारावी, मग बी.फार्म. आज त्याचं या रस्त्यावरच्याच एका गावात मेडिकल आहे. रमजानमध्ये रात्री तरावीहला कुराण म्हणतो आणि सकाळी नऊला शटर उघडतो. धाकट्यालाही धाडायचं ठरलं होतं. तो चोपड्याच्या स्टँडवर लघवीला म्हणून उतरला आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसून घरी आला. आता केळीचा व्यापार करतो, भावापेक्षा जास्त कमावतो. मिस्तरी दोघांविषयी सारख्याच आवाजात बोलतो.

गेल्या हिवाळ्यात मी यावलला गेलो तेव्हा मिस्तरीला म्हटलं, चल बऱ्हाणपूरला. "कोनाचं लगीन?" म्हणाला. कुणाचं नाही, नुसतं चल. सकाळच्या गाडीनं निघालो. फैजपूरला त्यानं काँग्रेसच्या १९३६च्या अधिवेशनाची, आमच्या सरांनी घोकून घेतलेली माहिती अजून पाठ म्हणून दाखवली.

बऱ्हाणपूरची जामा मशीद राजा अली खान फारुकीनं बांधली. काळ्या दगडाची, घुमट नसलेली, समोर पंधरा कमानी. हा राजा पुढं १५९७मध्ये मोगलांच्या बाजूनं लढताना पडला आणि चार वर्षांत खानदेशचं राज्यच गेलं. आत भिंतीवर अरबी शिलालेख आहे, आणि त्याच मशिदीत एक संस्कृत शिलालेखही आहे, देवनागरी अक्षरांत. सृष्टिकर्त्याला वंदन, फारुकी राजांची वंशावळ, आणि मशीद पुरी झाल्याची मिती शके १५११, पंचांगासकट. इंग्रजी वर्ष १५९०. म्हणजे बुरहानपुरी आपली पुस्तिका लिहीत होते त्याच सुमाराची.

मिस्तरी मला म्हणाला, "वाच ना. तुले संस्कृतात शंभर पैकी किती व्हते?"

चौऱ्याऐंशी होते. मी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेलो. अक्षरं लागत होती, शब्द लागत नव्हते. एखादा 'श्री' लागला, एखादं नाव लागलं. पाच मिनिटांनी सोडून दिलं. म्हटलं, आता तुझा वाच. त्यानं अरबी ओळ उजवीकडून घडाघडा वाचली, सुरेल. मी विचारलं, अर्थ काय? तो म्हणाला, "तो पोराले इचारा लागीन."

त्यानं तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा दुकानात होता, गिऱ्हाईक होतं, म्हणाला फोटो पाठवा अब्बा, संध्याकाळी सांगतो. मिस्तरीनं दोन्ही शिलालेखांचे फोटो काढले. मग आम्ही जिलबी खायला गेलो.